सिरानुशचे दोन कप

“तुझ्या कागदावर ‘परत यायला मनाई’ असा शिक्का तिकडच्या सरकारने मारला, आई. हिच्या कागदावर तो तू मारते आहेस!”

माझी नणंद सिरानुश असं ओरडली तेव्हा मी शेजारच्या स्वयंपाकघरात मांती वळत होते. खिमा भरलेल्या नखाएवढ्या होड्या, एका जेवणाला सहाशे-सातशे तरी लागतात. मांती वळणाऱ्या बाईला घरातलं सगळं ऐकू येतं, कारण तिला जागचं उठताच येत नाही.

“हळू बोल,” सासूबाई म्हणाल्या. “खाली दुकानात गिऱ्हाईक बसलंय.”

“हळूच बोलते आहे.”

“हे हळू? मग कोर्टात काय करतेस, तोफा उडवतेस?”

“विषय बदलू नकोस. पेटीची किल्ली दे.”

“नाही देत. काय करशील? खटला भरशील माझ्यावर? भर. न्यायाधीशाला सांगेन, हिला मी सेहेचाळीस वर्षं जेवू घालते आहे, अजून हिचं पोट भरलं नाही.”

भांडण एका पासपोर्टवरून चाललं होतं. पासपोर्ट बिझुनेशचा. सासूबाईंचं कमरेचं हाड मोडलं तेव्हा त्यांना सांभाळायला ती इथिओपियाहून आमच्या घरी आली, त्याला तीन वर्षं झाली होती. अठ्ठावीस वर्षांची उंच मुलगी, दारातून येताना दर वेळी मान वाकवायची, कितीही सांगितलं की चौकट तुझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. सहा महिन्यांत आमची आर्मेनियन बोलायला शिकली, आणि मग बाजारात अरबी भाजीवाल्यांशीही आर्मेनियनमध्येच भांडायची. ते बिचारे घाबरून भाव कमी करत. सासूबाईंना ती आजी म्हणायची, मला मावशी, सिरानुशला ताई.

त्या आठवड्यात तिच्या गावाहून कॅसेट आली होती. तिच्या आईला लिहिता येत नव्हतं आणि आता दिसतही नव्हतं, म्हणून शेजारच्या कुणीतरी आवाज भरून पाठवला होता. बिझुनेशने ती कॅसेट आमच्या स्वयंपाकघरात लावली. म्हातारीचा आवाज कोंबड्यांच्या कलकलाटात बुडत होता. बिझुनेशने मला अर्थ सांगितला: डोळे गेले, आता फक्त हात राहिले आहेत. क्रॉसच्या सणापर्यंत ये, तुझं तोंड चाचपून बघते, मग मी जायला मोकळी. सण सप्टेंबरच्या अखेरीला. तेव्हा मे महिना चालू होता. एवढंच तिला हवं होतं, आई जिवंत आहे तोवर एकदा घरी जायचं. आणि त्यासाठी लागणारा पासपोर्ट सासूबाईंच्या लोखंडी पेटीत होता.

त्या पेटीबद्दल सांगायलाच हवं. नाहीतर माझ्या सासूबाईंना तुम्ही दुष्ट समजाल, आणि त्या तशा नव्हत्या. पेटीत मराशच्या, म्हणजे आम्हा आर्मेनियनांना जिथून हाकललं त्या गावच्या, घराची किल्ली होती. ते घर पडून सत्तर वर्षं झाली असतील. घराचं खरेदीखत होतं, आणि चार वर्षांच्या सासूबाईंना काखेत घेऊन त्यांची आई बैरुतच्या या नदीकाठी उतरली तेव्हाचा निर्वासितांचा कागद होता, त्यावर तो मनाईचा शिक्का. ज्यांचे कागद हरवले त्यांचं पुढे काय झालं हे आमच्या गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून आमच्यात ज्याचा कागद घरच्या पेटीत, तो माणूस घरचा. लग्न होऊन आले तेव्हा आठव्या दिवशी सासूबाईंनी माझा जन्मदाखला मागितला आणि पेटीत ठेवला. बांगड्या मिळाल्या तेव्हा मी रडले नव्हते, तेव्हा रडले.

बिझुनेश आली त्याच संध्याकाळी त्यांनी तिचा पासपोर्ट घेतला, आत ठेवला, कुलूप लावलं आणि तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. दुसऱ्या घरांतल्या मालकिणी कामवालीचा पासपोर्ट कुलपात ठेवत, ती पळून जाऊ नये म्हणून. आम्ही त्यांना नावं ठेवायचो. आम्ही तर मायेने ठेवला होता. कुलूप मात्र त्याच दुकानातलं होतं.

“ती गेली तर परत येणार नाही,” सासूबाई पलीकडे म्हणत होत्या.

“नाही आली तर नाही आली! तो तिचा कागद आहे.”

“आणि हरवला म्हणजे? विमानतळावर कुणी चोरला म्हणजे? तुला काय ठाऊक कागद नसणं म्हणजे काय? तू पुस्तकात वाचलंस. मी त्यात वाढले.”

“मी रोज हेच बघते, आई. दर रविवारी माझ्या जिन्यावर वीस बायका बसतात आणि वीसही जणी हेच सांगतात. बाईंनी पासपोर्ट ठेवून घेतलाय. उद्या त्यांतली एक मला विचारेल, ताई, तुमच्या घरी काय आहे?”

मग सासूबाईंनी आवाज उतरवला. त्या आवाज उतरवायच्या तेव्हा आम्हाला जास्त भीती वाटायची.

“घे. गळ्यातून ओढून घे किल्ली. पण गुरुवारी मंडळात मी सांगणार, की माझ्या मुलीने माझ्या गळ्याला हात घातला.”

मंडळ म्हणजे मराशवाल्या बायकांचं भरतकामाचं मंडळ. साठ बायका, दर गुरुवारी, आणि सासूबाई त्यांच्या प्रमुख. पस्तीस वर्षांनी नगरपालिकेच्या निवडणुका लागल्या होत्या, तीन आठवड्यांवर आल्या होत्या, आणि सिरानुश उभी होती. साठ बायका म्हणजे साठ घरं, आणि आमच्याकडे पुरुष मत कुणाला द्यायचं ते चौकात बसून ठरवतात आणि घरी जेवताना बदलतात.

माझ्या हातात एक मांती होती, तिचं एक टोक दाबलेलं, दुसरं उघडं. मी तशीच थांबले.

“बरं,” सिरानुश म्हणाली. इतकं हळू, की मला वाटलं दुसरंच कुणी बोललं. “निवडणूक होऊ दे. तीन आठवड्यांनी काय फरक पडतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सिरानुशने बिझुनेशला निवडणूक होईपर्यंत थांबायला सांगितलं, आणि ती गेल्यावर बिझुनेशने मला विचारलं, “मावशी, पेटीची किल्ली आजींच्या गळ्यातच असते ना?”

मी म्हटलं, “गळ्यातच असते.”

हे खोटं नव्हतं. पण पेटीला दोन किल्ल्या होत्या. लढाईच्या दिवसांत बॉम्ब पडायला लागले की पेटी घेऊन तळघरात पळायचं काम माझं होतं, म्हणून सासऱ्यांनी मरण्यापूर्वी दुसरी किल्ली मला दिली होती. ती माझ्या शिवणाच्या डब्यात, बोबिनांच्या खाली होती. बिझुनेश मला विचारत होती तेव्हा तो डबा माझ्या मांडीवर होता.

मी डब्याचं झाकण दाबून बसवलं. सासू होती, घर होतं, निवडणूक होती. मी म्हटलं, तीनच तर आठवडे. सिरानुशसारखी शिकलेली बाई थांबली, तर मी चौथी पास, मी कोण?

आता ती कशी होती ते सांगते. माझं लग्न झालं तेव्हा सिरानुश बारा वर्षांची होती आणि घरात एकटीच अशी होती जी उष्टं ताट उचलताना विचारायची, “हे आज मीच का?” वडिलांचा आणि मग भावाचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, धंदा चपला-बुटांचा. ती कायदा शिकली. दुकानाच्या वरच्या खोलीत तिने ऑफिस थाटलं. वकिलीणबाईंकडे जायचं तर आधी माझ्या नवऱ्याच्या गोंदाच्या वासातून जावं लागे. होवसेप म्हणायचा, “माझ्या बहिणीकडे येणारी निम्मी माणसं वर पोचेपर्यंत आपली तक्रार विसरतात.”

सुरुवातीला तिच्याकडे आमचेच लोक यायचे, ज्यांच्या आजोबांची नोंद कुठे झालीच नव्हती असे. मग सीरियाचे मजूर आले. मग श्रीलंकेच्या बायका, मग फिलिपाइन्सच्या, मग इथिओपियाच्या. कामवालीला सुट्टी मिळाली तर रविवारी, म्हणून सिरानुशचं ऑफिस रविवारी उघडं आणि ती चर्चमध्ये गैरहजर. पाद्रीबाबा एकदा जिन्याशी येऊन म्हणाले, “सिरानुश, देव तुला विचारतोय.” ती म्हणाली, “नंबर लावायला सांगा, त्याच्या पुढे सात जणी आहेत.” पाद्रीबाबा हसले, आणि चपलांना टाच बसवून घेऊन गेले.

एक-दोन स्थळं आली होती. एकाला तिने पहिल्याच भेटीत विचारलं, तुमच्या आईच्या घरी काम करणाऱ्या बाईचं नाव काय? त्याला आठवेना. स्थळ गेलं. सासूबाई महिनाभर माझ्याशी अबोला धरून होत्या, का, तर मी हसले.

अशी बाई. आणि हीच बाई तीन आठवडे थांबली.

तिने त्या आठवड्यांत घरोघरी जाऊन किती कॉफी प्यायली त्याला गणती नाही. प्रत्येक घरात प्यायलेला कप उपडा घालून गाळाच्या नक्षीत भविष्य बघायचे, प्रत्येक घरात तिच्या कपात खुर्ची दिसायची. ती माझ्या कानात म्हणायची, “वहिनी, या सगळ्या खुर्च्यांवर बसायला मला चार ढुंगणं लागतील.” बिझुनेश तिच्यासाठी पत्रकं वाटत फिरली. बिझुनेशने स्वतः, हो. गल्लीत लोक म्हणायचे, बघा, वकिलीणबाईंची कामवालीसुद्धा त्यांच्यासाठी राबते, किती जीव.

सिरानुश निवडून आली. आमच्या यादीतल्या उमेदवारांत सर्वांत जास्त मतं तिला. सासूबाईंनी गल्लीभर गोड वाटलं, आणि सोमवारी सकाळी आपल्या हाताने गळ्यातली किल्ली काढून लेकीला दिली. “घे. कुणाची आई कायमची राहत नाही. जाऊ दे पोरीला. माझ्या कपाटातली लोकरीची शालही दे तिच्या आईला.”

सिरानुशने पेटी उघडली. आम्ही सगळे तिथेच होतो, बिझुनेश दारात, मान वाकवून. सिरानुशने पासपोर्ट काढला, उघडला, आणि खाली जमिनीवर बसली. मला वाटलं चक्कर आली.

पासपोर्टची मुदत चौदा महिन्यांपूर्वी संपली होती. राहण्याचा परवानाही त्यासोबत गेला होता. कुणी तारीख बघितलीच नव्हती. कशी बघणार? त्या पेटीतल्या कागदांना आम्ही कधी तारखा बघत नसू. ते कागद जपायचे असतात, वापरायचे नसतात. त्या कागदांवरची गावंसुद्धा राहिली नव्हती, मुदत कसली संपायची? त्यांच्या शेजारी आम्ही एक जिवंत कागद ठेवला आणि तोही तसाच जपला.

“ताई, काय झालं?” बिझुनेशने विचारलं.

“काही नाही,” सिरानुश म्हणाली. मग म्हणाली, “सगळं झालं.”

त्यानंतर ती जशी धावली तसं मी तिला धावताना कधी पाहिलं नाही. वकिलातीत नव्या पासपोर्टसाठी अर्ज, तो तिकडे देशात जाणार, तिकडून येणार. परवान्याचा दंड, डॉक्टरांचा दाखला, मग परदेशी लोकांच्या नोंदणीच्या कार्यालयात रांग. एक कागद आला की दुसऱ्याची मुदत संपायची. नगरपालिकेच्या पहिल्या बैठकीला ती घामाने भिजलेली, तासभर उशिरा पोचली. ऑगस्टमध्ये दुसरी कॅसेट आली. त्यात म्हातारीचा आवाज नव्हता, शेजारणीचा होता: लवकर.

क्रॉसच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या टेलिफोनवाल्याने बिझुनेशला हाक मारली. ती गेली आणि परत आली, तेव्हा पहिल्यांदाच दारातून येताना तिने मान वाकवली नाही.

पासपोर्ट त्यानंतर नऊ दिवसांनी आला. नऊ. मला चार इयत्तांचं गणित पुरतं. तीन आठवडे म्हणजे एकवीस दिवस. एकवीसातून नऊ गेले तर बारा. बारा दिवस ती आईपाशी बसली असती.

सिरानुशने पासपोर्ट तिच्या हातात ठेवला. त्यात परवाना होता, आणि देशाबाहेर जाऊन परत यायचा शिक्काही होता. बिझुनेशने तो उलटसुलट करून बघितला.

“आता कुणाकडे जाऊ, ताई?”

सासूबाई आतून हाका मारत होत्या, बिझुनेश, पाणी. तिने पाणी दिलं. त्या आठवड्यात तिने आमचं घर सोडलं. मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर तिच्या देशाच्या दोघी राहायच्या, त्यांच्यात गेली. एका शिवणकारखान्यात काम धरलं.

पण इथे राहायचं तर परदेशी बाईला कुणीतरी जामीन राहावं लागतं. त्याचं नाव तिच्या परवान्यावर असतं, आणि त्या नावावाचून तिला ना राहता येतं ना जाता येतं. ही पद्धत मोडा म्हणून सिरानुश पंधरा वर्षं कोर्टात घसा कोरडा करत होती. आणि बिझुनेशच्या परवान्यावर जामीनदार म्हणून तिने आपलंच नाव घातलं. दुसरा उपाय नव्हता. दर वर्षी सप्टेंबरात ती स्वतः जाऊन रांगेत उभी राहायची. एवढी नगरसेविका, कुणालाही पाठवता आलं असतं. पाठवलं नाही.

त्या वर्षापासून तिच्याकडे कुणीही आलं की पहिला प्रश्न एकच: “तारीख दाखव.” नाव नंतर, रडणं नंतर. गल्लीतले लोक तिला तारीखवाली म्हणायला लागले. माझ्या फ्रिजमधलं दहीसुद्धा ती डबा फिरवून बघायची. मी म्हणायची, “अगं, हे मी काल घरी लावलंय, याला कुठली तारीख?” तरी बघायची.

नगरपालिकेत ती दोनदा निवडून आली. गटारं झाली, आमच्या गल्लीत दिवे आले, आणि नोंद नसलेल्या बाळांची नावं लिहून घ्यायला तिने एक टेबल मांडलं. तिथेही बायका रविवारीच यायच्या. शेवटच्या वर्षी काही रहिवाशांनी अर्ज दिला: संध्याकाळी आठनंतर परदेशी माणसांनी रस्त्यावर दिसू नये असा फलक लावा. अर्जावर सासूबाईंच्या मंडळातल्या बायकांच्या सह्या होत्या. सासूबाई तेव्हा नव्हत्या, ते एक बरं झालं.

बैठकीला मी गेले होते, मागे भिंतीशी बसले. सिरानुश उभी राहून म्हणाली, “आधी एक ठरवू. या खोलीत परदेशी कोण आहे, हात वर करा.” कुणी केला नाही. तिने आपला हात वर केला. “माझी आई चार वर्षांची असताना, या नदीकाठी लोक आम्हाला कधी जाणार म्हणून विचारत होते. आम्ही आठ वाजता कुठे जायचं?”

तेवढ्यात किराणावाला पार्सेग बसल्या जागेवरून म्हणाला, “बाई, दुसऱ्यांच्या कामवाल्या सोडवता, छान आहे. पण तुमच्या स्वतःच्या नावावर एक आहे ना?”

खोली हसली. मला वाटलं आता ही त्याला सोलून काढेल. पार्सेगलाही तसंच वाटलं असावं, त्याने हात पुढे धरले होते.

“आहे,” ती म्हणाली आणि खाली बसली.

तो फलक लागला नाही. एका मताने. पुढच्या निवडणुकीत सिरानुश पडली. घरी येऊन म्हणाली, “वहिनी, आता माझ्या कपात खुर्ची दिसली तर कप फोडून टाक.”

मी जे मघाशी सांगायला हवं होतं ते राहिलंच. बिझुनेशची कॉफी. आमच्या घरी होती तेव्हापासून रविवारी दुपारी ती तिच्या पद्धतीने कॉफी करायची. कच्चे दाणे तव्यावर भाजायचे, त्यांचा धूर प्रत्येकाच्या नाकापाशी न्यायचा, मग मातीच्या भांड्यातून बिनकानाचे एवढेएवढे कप. त्याच चोथ्यावर पाणी घालून तीनदा. तिसरा कप अगदी फिका, पण तो आशीर्वादाचा, तो घेतल्यावाचून उठायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, “तिसरा म्हणजे भांडं विसळलेलं पाणी,” आणि सगळ्यांत आधी कप पुढे करायच्या.

ती वेगळी राहायला गेल्यावर दर सप्टेंबरात सिरानुश नवा परवाना घेऊन जायची, आणि मीही जायची, कारण बिझुनेशने मला बोलावलेलं असायचं. ती पासपोर्ट उघडून तारीख बघायची. मग जाण्यायेण्याच्या शिक्क्याचं पान बघायची. तो शिक्का सिरानुश दर वर्षी मारून आणायची, आणि बिझुनेश एकदाही गेली नाही. मग कॉफी व्हायची. सिरानुशला पहिला कप, मला पहिला. सिरानुशला दुसरा, मला दुसरा. तिसरा फक्त मला.

पहिल्या वर्षी सिरानुश कप पुढे धरून बसली होती. बिझुनेश रागावलेली नव्हती, तिने नुसतं भांडं खाली ठेवलं. सिरानुशने कप परत ठेवला आणि म्हणाली, “वहिनी, तू सावकाश ये. मी जिन्यात थांबते.” पुढे दर वर्षी तेच वाक्य.

सासूबाई गेल्या त्या वर्षी पेटी आवरताना सिरानुश मला म्हणाली, “बाबांनी तुला दुसरी किल्ली दिली होती ना?”

मी खरेदीखताची घडी घालत राहिले.

“लढाईत पेटी घेऊन तूच पळायचीस,” ती म्हणाली. “मला आठवतं.”

“मग तू तेव्हा माझ्याकडे का नाही मागितलीस?”

“मागितली असती तर तू दिली असतीस. म्हणून नाही मागितली.” ती पेटीतल्या मराशच्या किल्लीवरची धूळ पुसत होती. “मला थांबायचंच होतं, वहिनी.”

“बिझुनेशला सांगणार आहेस?”

“काय सांगू? आपल्या घरातलं एक तरी माणूस तिला राहू दे.”

मी तेव्हाच मागच्या गल्लीत जायला हवं होतं. तिसरा मजला, काय मोठा डोंगर होता? दर वर्षी म्हणायची, या वर्षी सांगते. दर वर्षी कप समोर यायचा, गरम, आणि मी प्यायची.

शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी सिरानुशला तीन गोष्टी मना केल्या: जिने, रांगा आणि भांडणं. ती त्यांना म्हणाली, “मग उरलं काय, दही?” त्यानंतर अकराव्या दिवशी, रविवारी, टेबलाशी बसल्या बसल्या ती गेली. जिन्यावर चौदा बायका थांबल्या होत्या, आणि होवसेपने त्यांना खाली दुकानात बसवून सरबत दिलं, कारण काय सांगावं हे त्याला कळेना. पण त्या आधीच्या बुधवारी सप्टेंबरचं काम होतं.

मी म्हटलं, “मी जाते, तू घरी बस.”

“तुला तारीख वाचता येते?”

“आता येते,” मी म्हटलं. ती माझ्याकडे बघून हसली, आणि आम्ही दोघी गेलो.

रांग होती. तिने पिशवीतून तीळ लावलेलं पावाचं कडं काढलं, अर्धं मला दिलं. खिडकीत नवा कारकून होता. “आजी, कुणाचं काम?”

“तुझ्या आईच्या वयाच्या बाईचं. नीट कर.”

मागून जुना कारकून ओरडला, “अरे, तारीखवाल्या बाई आहेत! त्यांना जाण्यायेण्याचा शिक्काही लागतो.” मग तिच्याकडे वळून म्हणाला, “बाई, दर वर्षी मारतो. ती जाते तरी कुठे?”

“तुझं मनगट दुखतं का?” सिरानुश म्हणाली. “मार.”

मागच्या गल्लीतल्या जिन्यावर ती प्रत्येक वळणाला थांबली. कठड्याला धरून म्हणाली, “हिला तळमजला मिळवून द्यायला हवा होता. नगरसेविका असताना सुचलं नाही.” तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा तिचे ओठ निळे झाले होते. तिने दारात उभं राहून श्वास जाग्यावर येऊ दिला, मग दार वाजवलं.

बिझुनेशचे केस पांढरे झाले आहेत. तिने पासपोर्ट घेतला, खिडकीपाशी नेला, बोट ठेवून तारीख वाचली. पान उलटून शिक्का बघितला.

“रांग मोठी होती?”

“नेहमीसारखीच,” सिरानुश म्हणाली.

दाणे भाजले. धूर आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे. पहिला कप झाला. पाण्याच्या टाकीबद्दल, घरमालकाबद्दल बोलणं झालं. दुसरा कप झाला. सिरानुशने आपला कप बशीवर उपडा घातला, आमच्या सवयीने, आणि चौकटीला धरून उठली.

“वहिनी, तू सावकाश ये. मी जिन्यात थांबते.”

ती बाहेर पायरीवर बसल्याचा आवाज आला. बिझुनेशने माझा कप तिसऱ्यांदा भरला, आणि मी तो घेतला.